बाहेरच्या भिंतीची टाइल दरवर्षी सुटते? परत बसवण्याआधी ती उलटी करून बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत किंवा रो-हाउस, एलिव्हेशनला, म्हणजे दर्शनी भिंतीला, ३००×६०० मिमीची टाइल, काम होऊन तीन-चार वर्षं झालेली. पश्चिमेच्या भिंतीवरून दोन टाइल्स खाली आल्या म्हणून मिस्त्री बोलावला, त्याने दोरांवर टांगलेल्या झुल्यावरून त्या सिमेंटने परत बसवल्या. पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यातल्या पाच पडल्या, त्यात नव्याने बसवलेल्याही होत्या. मग दुसरा मिस्त्री, मग ‘चांगलं केमिकल’, आणि तिसऱ्या वर्षी पार्किंगमधल्या गाडीची काच फुटली की सोसायटीची सभा. सभेत टाइल कंपनी, बिल्डर आणि मिस्त्री असे तीन आरोपी उभे केले जातात. पडलेल्या टाइल्स मात्र तोवर डेब्रिजच्या गोणीत जाऊन बसलेल्या असतात, आणि खरा पुरावा त्या गोणीतच असतो.

टाइल कुठल्या थरावर सुटली हे तिच्या पाठीवर आणि भिंतीवरच्या डागावर स्पष्ट दिसतं. ते न वाचता केलेली दुरुस्ती म्हणजे नुसता अंदाज. म्हणून या लेखात आधी तपासणी सविस्तर सांगतो, दुरुस्ती नंतर.

सर्वात आधी खालची जागा मोकळी करा

१० मिमी जाडीच्या व्हिट्रिफाइड (घट्ट भाजलेल्या, पाणी जवळजवळ न पिणाऱ्या) टाइलचं वजन चौरस मीटरला २० किलोच्या पुढे जातं. म्हणजे ६००×६०० ची एक टाइल साडेसात-आठ किलोची. तिसऱ्या मजल्यावरून ती माणसाच्या अंगावर आली तर पुढे बोलायला काही उरत नाही. जपानमध्ये १९८९ साली किताक्युशू शहरात एका इमारतीच्या बाहेरच्या टाइल्सचा थर कोसळून माणसं दगावली, आणि तेव्हापासून तिथे असल्या भिंती हातोडीने ठोकून तपासण्याला फार महत्त्व आलं. सिंगापूरने २०२२ पासून १३ मीटरपेक्षा उंच आणि २० वर्षांहून जुन्या इमारतींच्या दर्शनी भागाची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची केली आहे. आपल्याकडे स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये कॉलम-बीम बघतात, प्लास्टरच्या भेगा बघतात. टाइल मात्र ‘सजावट’ म्हणून सुटते. ऑडिटरला वेगळं सांगून तपासून घ्या.

एक जरी टाइल पडली असेल तर त्या भिंतीखालची गाड्यांची जागा बंद करा, दोरी बांधा, येण्याजाण्याचा रस्ता असेल तर जाळी मारा. हे त्याच दिवशी करायचं. सभेची वाट बघायची नाही.

भिंत ठोकून नकाशा काढा

थापीच्या लाकडी मुठीने किंवा लहान लोखंडी गजाने एकेक टाइल ठोकायची. पक्की बसलेली टाइल टणक वाजते, सुटलेली बद्द वाजते, कान लगेच सरावतो. प्रत्येक टाइल पाच ठिकाणी ठोका, चार कोपरे आणि मध्य. कोपरे बद्द आणि मध्य टणक, असं सगळीकडे सापडलं तर टाइल पाठीला पूर्ण माल न लावता नुसत्या ठिपक्यांवर बसवली आहे हे तिथेच कळतं. बद्द टाइलवर खडूने फुली मारा आणि समोरून फोटो काढा. रस्त्यावरून काढलेल्या फोटोत फुल्यांची जी रांग दिसते, ती झुल्यावर बसलेल्या मिस्त्रीला कधीच दिसत नाही.

रांग बघून बरंच उलगडतं. फुल्या भिंतभर कुठेही विखुरलेल्या असतील तर बसवण्याच्या हातात दोष आहे. स्लॅब किंवा बीमच्या पातळीवर आडवा पट्टा दिसत असेल, तर तिथे काँक्रीट आणि विटांचा सांधा आहे आणि हालचालीला जागा ठेवलेली नाही. उभी रांग दिसली तर ती बहुधा कॉलमची कड असते. वरच्या तीन-चार ओळीच गेल्या असतील तर टाइलकडे बघूच नका, गच्चीवर जा आणि पॅरापेटचा (कठड्याचा) माथा बघा. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून उतरत गेलेल्या फुल्या म्हणजे सिलमधून (खिडकीखालच्या पट्टीतून) पाणी आत जातंय.

आणि पश्चिमेची अख्खी भिंत गेली, पूर्वेची मात्र ठीक, हे तर महाराष्ट्रात नेहमीचं. नैऋत्येकडून येणारा पाऊस त्याच भिंतीवर आपटतो, आणि दुपारचं कलतं ऊनही तिच्यावरच पडतं.

लोक म्हणतात, “भर पावसात टिकली आणि आता कोरड्यात कशी पडली?” तसंच होतं. चार महिने पाणी मागच्या थरात मुरतं, जोड ढिला करतं. मग ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली की टाइल तापून पसरते आणि ढिला झालेला जोड सोडून देते. डिसेंबर-जानेवारीतल्या गार पहाटेही टाइल्स पडतात, तेव्हा कारण आकुंचनाचं असतं.

आता टाइल उलटी करा

पडलेली प्रत्येक टाइल जपून ठेवा आणि ती कुठून आली ते तिच्यावर लिहा. पडलेली हाती नसेल तर बद्द वाजणाऱ्यांपैकी दोन-तीन मुद्दाम काढा, ग्राइंडरने सांधे कापून, हलक्या हाताने.

पाठ स्वच्छ आहे, छापलेले चौकोन आणि कंपनीचा शिक्का जसाच्या तसा वाचता येतोय, आणि भिंतीवर मात्र ॲडहेसिव्हच्या दातेरी रेघा अखंड उभ्या आहेत: हा सर्वात जास्त दिसणारा प्रकार. रेघा दाबल्याच गेल्या नाहीत, म्हणजे टाइल लावली तेव्हा ॲडहेसिव्हवर साय धरली होती. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या भिंतीवर एकदम दहा-पंधरा चौरस फूट माल ओढून ठेवला की हे होणारच. बोट लावून बघायचं असतं. बोटाला माल चिकटला तर ठीक, नुसताच ओलसर लागला आणि बोट कोरडं निघालं तर तो खरवडून टाकायचा.

याच प्रकारात दुसरा गुन्हेगार असतो तो टाइलच्या पाठीवरचा पांढरा भुगा. टाइल भट्टीतल्या रोलरला चिकटू नये म्हणून पाठीला एक लेप दिलेला असतो, तो बॉक्स उघडल्यावर बोटाला रांगोळीसारखा लागतो. तो न पुसता टाइल बसवली की ॲडहेसिव्ह भुग्याला चिकटतं, टाइलला नाही. पडलेल्या टाइलची पाठ चोळून बघा. तीन वर्षांनीही तो भुगा बोटावर येतो. ओल्या फडक्याने पुसायला एका टाइलला दहा सेकंद लागतात. पण मिस्त्रीचा रेट चौरस फुटाने असतो, त्यामुळे ते दहा सेकंद कोणी देत नाही.

पाठीवर पाच गोल ठिपके आहेत, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये: ही ठिपका पद्धत. ओळंब्यात नसलेल्या भिंतीवर प्लास्टर सुधारण्याऐवजी माल कमी-जास्त लावून टाइल सरळ दाखवायची सोपी युक्ती. घराच्या आत ती कशीबशी चालून जाते. बाहेर मात्र ठिपक्यांच्या मधली पोकळी पावसाच्या पाण्याने भरते आणि ते पाणी खाली उतरत उतरत पुढच्या टाइलच्या मागे जातं. बाहेरच्या भिंतीवर टाइलच्या पाठीचा किमान ९५ टक्के भाग मालाने भरलेला हवा. ठिपक्यांत तो निम्माही भरत नाही.

टाइलची पाठ जवळजवळ गुळगुळीत, आणि भिंतीवर सिमेंटचा सपाट, करड्या काचेसारखा चकचकीत ठसा: व्हिट्रिफाइड टाइल, पाठीला सिमेंटचा घोळ लावून वाळू-सिमेंटच्या मालात ठोकलेली. जुनी सिरॅमिक वॉल टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, त्यामुळे घोळ तिच्या छिद्रांत शिरून पकड घ्यायचा. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पीत नाही. घोळाला शिरायला जागाच नसते. “शेठ, सिमेंट जास्त घातलंय, काय नाय होत,” हे वाक्य इथे हमखास ऐकायला मिळतं, आणि उलट तेच नडतं. नुसतं सिमेंट जितकं जास्त तितका माल आकसतो आणि तडकतो.

ॲडहेसिव्ह सगळं टाइलला चिकटून आलंय आणि त्यावर पुट्टी, जुना रंग किंवा धुळीचा पापुद्रा आहे: दोष भिंतीचा. रंगावर किंवा पुट्टीवर टाइल लावलेली. नीरू (चुन्याचा हात) फिनिश केलेल्या गुळगुळीत भिंतीवर लावली तरी हेच होतं. इथे कितीही महाग ॲडहेसिव्ह आणा, ते रंगाला घट्ट धरेल आणि रंग भिंतीला सोडेल.

ॲडहेसिव्ह दोन्हीकडे आहे, अर्धं टाइलला, अर्धं भिंतीला, आणि नखाने भुरभुरतंय: माल स्वतःच कमजोर. घट्ट होऊ लागल्यावर वरून पाणी घालून पुन्हा कालवलेला, मुदत संपलेल्या पिशवीतला, किंवा वाळायच्या आत वळवाच्या पावसात सापडलेला.

टाइलसोबत प्लास्टरच निघून आलंय आणि मागे काँक्रीटचा गुळगुळीत पृष्ठभाग दिसतोय: इथे टाइल, ॲडहेसिव्ह, मिस्त्री तिन्ही निर्दोष. काँक्रीटला टाचे (छिन्नीने खाचा) न मारता, शटरिंगचं (साच्याच्या फळ्यांचं) तेल न धुता प्लास्टर केलेलं होतं. टाइलच्या वजनाने ते आज सुटलं, रंग असता तर दहा वर्षांनी सुटलं असतं. हा प्रकार सर्वात धोकादायक, कारण एकटी टाइल पडत नाही, अख्खी पाटी खाली येते. असं एका ठिकाणी जरी सापडलं तरी त्या भिंतीवरचे सगळे बीम-कॉलम तपासायचे.

पाठ ठीक, माल ठीक, तरी टाइल फुगून वर आली

दोन टाइल्स एकमेकींना ढकलून तंबूसारख्या वर उठल्या असतील तर सांध्यांकडे बघा. बहुतेक ठिकाणी टाइलला टाइल भिडवलेली सापडते. फट दिसली तर ग्राहक नाराज होतो, म्हणून मिस्त्री भिडवतो, आणि व्हाइट सिमेंट नुसतं वरून पुसतो.

हिशोब साधा आहे. सिरॅमिक टाइल एका अंशाला मीटरमागे साधारण ०.००६ ते ०.००७ मिमी पसरते. गडद रंगाची टाइल पश्चिमेच्या उन्हात ६० अंशांपर्यंत सहज तापते, पहाटे ती २० वर असते. चाळीस अंशांच्या फरकात १२ मीटर लांबीचा टाइलचा पट्टा तीन मिमी लांबतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण भिडवलेल्या टाइल्सना हे तीन मिमी जायला कुठेही जागा नसते. दुसरीकडे नवीन काँक्रीट पहिली काही वर्षं वाळत, वजनाखाली दबत आखडत असतं, तर सच्छिद्र टाइल दमटपणा शोषून किंचित फुगत असते. इमारत लहान होतेय आणि तिचा कोट मोठा होतोय. हा ताण वर्षानुवर्षं साठतो आणि जिथे जोड सर्वात दुबळा तिथे सुटतो. ‘चार वर्षं काही झालं नाही’ याचं उत्तर इथे आहे.

म्हणून टाइल-टाइलमध्ये किमान ३ मिमी, शक्यतो ५ मिमी फट, आणि त्याशिवाय मूव्हमेंट जॉइंट, म्हणजे हालचालीसाठी मुद्दाम सोडलेला लवचीक सांधा. आडवा जॉइंट दर मजल्याला, बीमच्या खालच्या कडेला. उभा जॉइंट दर ३ ते ४.५ मीटरवर, शिवाय आतल्या कोपऱ्यांत आणि विटा-काँक्रीट जिथे भेटतात तिथे. तो टाइल आणि तिच्यामागच्या मालासकट खाली प्लास्टरपर्यंत कापलेला हवा. ८ ते १० मिमी रुंद, आत फोमची बॅकर रॉड, वर पॉलियुरेथेन किंवा न्यूट्रल सिलिकॉन सीलंट. सीलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी, आणि तो फक्त दोन बाजूंना चिकटलेला. तळालाही चिकटला तर ताणताना फाटतो, बॅकर रॉड त्यासाठीच असते. दुकानातलं सर्वात स्वस्त, व्हिनेगरचा वास मारणारं सिलिकॉन इथे नको, ते सिमेंटवर टिकत नाही.

जुन्या भिंतीवर हे जॉइंट नंतरही पाडता येतात. ज्या भिंतीवरच्या टाइल्स अजून टणक वाजतात पण जॉइंट एकही नाही, तिथे सर्वात कमी खर्चात सर्वात जास्त फायदा देणारं काम हेच आहे, असं माझं मत. सोसायट्या त्याऐवजी अख्ख्या भिंतीवर पारदर्शक वॉटरप्रूफ कोट मारून घेतात. वरून आत जाणारं पाणी तसंच जात राहतं आणि आता त्याला वाळून बाहेर यायची वाटही उरत नाही.

पाणी कुठून येतं

सांध्यांतून पांढरे ओघळ येत असतील तर तो मागून वाहणाऱ्या पाण्याचा माग आहे. पाणी सिमेंटमधला विरघळणारा चुना घेऊन बाहेर येतं, हवेत त्याचा पांढरा कडक थर होतो. ओघळ जिथे संपतो तिथे नाही, जिथून सुरू होतो त्याच्या वर शोधा. ॲसिडने धुणं हा उपाय नव्हे. ॲसिड सांध्यात भरलेला माल (ग्राउट) खातं आणि पुढच्या पावसात ओघळ दुप्पट होतात.

पॅरापेटच्या माथ्यावर टाइल किंवा ग्रॅनाइट असेल तर तिचा उतार गच्चीच्या बाजूला आहे ना बघा. बहुतेकदा तो सपाट असतो, नाहीतर बाहेरच्या बाजूला. या माथ्यावरच्या थराची (कोपिंगची) कड भिंतीबाहेर निदान २५ मिमी यायला हवी आणि तिच्या खाली पाणी तोडणारी खाच हवी. ती नसली की पाणी कडेवरून मागे वळून थेट पहिल्या टाइलच्या पाठीला जातं. खिडकीच्या सिलचंही तेच.

आणि मग नंतर पाडलेली भोकं. एसीचे ब्रॅकेट, केबल, सीसीटीव्ही, ग्रिलचे बोल्ट. प्रत्येक फ्लॅटवाल्याने टाइलमध्ये ड्रिल मारलेलं असतं आणि भोकाभोवती सीलंट कोणीही भरलेलं नसतं. सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे (आदर्श उपविधी) बाहेरच्या भिंतीची देखभाल सोसायटीकडे येते, त्यामुळे भोक एकाचं आणि खर्च सगळ्यांचा. ड्रिल मारायला लेखी परवानगी लागेल असा ठराव करून टाका.

दुरुस्ती

कारण सापडलं की निम्मं काम झालं, पण उरलेलं निम्मं घाईत बिघडतं.

काळ बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात चांगला. एप्रिल-मेमध्ये करावंच लागलं तर सूर्य पलीकडे असताना काम करा: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर, वर हिरवी जाळी बांधून. काम झाल्यावर निदान आठवडाभर भिंतीला पाऊस लागता कामा नये, म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नवं काम सुरू करू नका. ‘पावसाच्या आत उरकून टाकू’ या घाईत केलेली दुरुस्ती पुढच्या ऑक्टोबरात खाली येते.

बद्द टाइल काढताना आधी तिच्या चारी बाजूंचे सांधे ग्राइंडरने कापा, मग छिन्नी लावा. न कापता ठोकलं की धक्का शेजारच्या टणक टाइल्सना बसतो आणि त्याही सुटतात. दरवर्षी फुल्या का वाढतात याचं एक कारण स्वतः दुरुस्तीच असते.

टाइल निघाल्यावर मागचं प्लास्टर ठोका. बद्द असेल तर विटांपर्यंत काढा. काँक्रीटला टाचे मारा, तारेच्या ब्रशने घासा, धुवा. मग सिमेंट आणि जाड्या वाळूचा पातळ छपका मारून तो खरखरीत वाळू द्या. विटा-काँक्रीटच्या सांध्यावर दोन्हीकडे १५० मिमी जाईल अशी जाळी ठोका. प्लास्टर १:४ चं, एका हातात १५ मिमीपेक्षा जाड नको. खड्डा खोल असेल तर दोन हातांत करा. फिनिश रंध्याचं, खरखरीत. सात दिवस पाणी मारा आणि नंतर निदान दोन आठवडे वाळू द्या. मालकाला हे तीन आठवडे जिवावर येतात, मिस्त्रीलाही, कारण परांचीचं भाडं चालू असतं. तरीही थांबा. ओलं प्लास्टर आकसतंय तोवर त्यावर टाइल लावली तर तुम्ही तीच चूक नव्याने विकत घेताय.

पश्चिमेच्या भिंतीला टाइलखाली दोन भागांचा सिमेंट-पॉलिमर वॉटरप्रूफ कोट द्यावा. डांबरी काहीही नको, त्यावर ॲडहेसिव्ह धरत नाही.

ॲडहेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ (भारतीय मानक) आणि टाइप छापलेला असतो. टाइप १ आतल्या साध्या कामाचा, बाहेरच्या भिंतीला तो आणू देऊ नका. युरोपीय मानकाची अक्षरं असतील तर सी२टीईएस१ बघा. सी२ म्हणजे चौरस मिलिमीटरला किमान १ न्यूटन पकड, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण दहा किलो. टी म्हणजे उभ्या भिंतीवर टाइल खाली सरकत नाही, ई म्हणजे माल ओढल्यावर टाइल लावायला जास्त वेळ मिळतो, आणि एस१ म्हणजे सुकलेला थर थोडा वाकू शकतो. आपल्या उन्हात एस१ साठी जास्त पैसे मोजावेत. परदेशी व्हिडिओत गोठणाऱ्या पाण्याने टाइल फुटते म्हणून बराच वेळ घालवतात, तो भाग आपण सोडून द्यायचा. आपला शत्रू ऊन-पाऊस आहे.

पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मापून. ड्रिलला पॅडल लावून कालवा, पाच मिनिटं ठेवा, पुन्हा कालवा, आणि त्यानंतर त्यात थेंबभर पाणी नको. टाइल पाण्यात भिजवायची नाही, फक्त पाठ पुसायची. भिंतीवर १० मिमी दात्यांच्या थापीने एकाच दिशेत रेघा ओढा, टाइलच्या पाठीलाही सपाट थापीने पातळ थर घासून लावा, मग टाइल रेघांना आडवी सरकवत दाबा. गोल गोल रेघा ओढल्या की मध्ये हवा अडकते. दर वीस-पंचवीस टाइल्सनंतर एक नुकतीच लावलेली टाइल उचकटून पाठ बघा. मिस्त्री कुरकुरेल, “साहेब, विश्वास नाही का?” म्हणेल. हसून सांगायचं, मिस्त्री, विश्वास तुमच्यावर आहे, मालावर नाही. आणि उचकटायची.

परांचीवर न चढताही एक तपासणी करता येते. रिकाम्या पिशव्या मोजा. मिलिमीटरभर जाडीला चौरस मीटरमागे दीड किलोच्या आसपास ॲडहेसिव्ह लागतं. ५ मिमी थराला साडेसात किलो, म्हणजे २० किलोची पिशवी जेमतेम २८-३० चौरस फुटांना पुरते. ६०० चौरस फुटांच्या भिंतीला वीस पिशव्या लागायला हव्यात आणि कोपऱ्यात दहाच पडलेल्या दिसत असतील, तर उरलेल्या भिंतीवर काय आहे हे विचारा.

दुसऱ्या दिवसानंतर, सांधे खोलवर साफ करून पॉलिमर ग्राउट भरा. व्हाइट सिमेंट नको, ते आकसून कडेला केसाएवढी भेग सोडतं आणि पाण्याला तेवढी पुरते.

मोठी दुरुस्ती असेल तर २८ दिवसांनी पुल-ऑफ टेस्ट मागा. ५० मिमीची चकती टाइलला चिकटवून ओढतात. चौरस मिलिमीटरला ०.५ न्यूटन हवं तर त्या चकतीने साधारण १०० किलोची ओढ सोसायला हवी. कंत्राटातच ही अट लिहिलेली असली की पाठ पुसण्याचे दहा सेकंद आपोआप मिळतात.

केव्हा नाद सोडावा

बद्द टाइल्स थोड्या असतील, प्लास्टर टणक असेल, तर वरचं सगळं करा. पोकळीत ड्रिल मारून इपॉक्सी भरणं, स्टेनलेस स्टीलच्या पिन मारणं हेही तेवढ्याच भागापुरतं चालतं. पण पाव भिंतीवर फुल्या असतील, किंवा टाइल मुळातच रंगावर वा ठिपक्यांवर बसवली असेल, तर सगळी उतरवा. प्लास्टर नीट करून टेक्स्चर पेंट द्या. ६००×१२०० ची चौदा-पंधरा किलोची टाइल तिसऱ्या मजल्यावर नुसत्या ॲडहेसिव्हवर लावण्याची सध्याची हौस मला पटत नाही. तेवढ्या उंचीवर तेवढी टाइल हवीच असेल तर ती स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवर, फ्रेमवर लावा. परवडत नसेल तर ती टाइल तळमजल्यापुरती ठेवा.

दुरुस्तीला लागणारी टाइल गुजरातमधल्या मोरबीहून पुन्हा मागवली तर तीच छटा मिळेल याची खात्री नसते, दर बॅचला रंग आणि मापही किंचित बदलतं. नवं काम करताना चार-पाच बॉक्स जास्तीचे घेऊन मीटर रूममध्ये ठेवा, आणि बॉक्सवरचा बॅच, शेड आणि साइजचा शिक्का फोटो काढून सोसायटीच्या फाइलला लावा.